काचेखाली काहीच उगवलं नाही

१२ एप्रिल

धाकल्या,

तुझं खोकं पोचलं. आत चिठ्ठी नव्हती, त्यामुळे तूच पाठवलंस याची खात्री पटली. चार वर्षांत तुझ्याकडून पहिल्यांदा काही आलं, आणि तेही शेण. तक्रार नाही, मागितलं मीच होतं.

टपाल कचेरीतल्या बाईंनी ते खोकं हातभर लांब धरून माझ्यापुढे ठेवलं. "मॅडम, तुमच्या घरून आलेलं काहीतरी नासलंय." मी म्हटलं, "नासलेलं नाही हो, ताजं आहे." त्यावर त्यांनी सही करायला दिलेलं पेन परत घेतलं नाही. फुकटात एक पेन मिळालं.

तू विचारणार नाहीस, पण मी सांगते. गवत खाणाऱ्या जनावरांच्या शेणावर कोणकोणत्या बुरश्या उगवतात, ते मी या वर्षी मोजते आहे. गायीचं शेण, घोड्याची लीद, शेळ्यांच्या लेंड्या, सशांच्यासुद्धा. बुरशीचं बी गवताच्या पात्याला चिकटलेलं असतं. जनावर गवत खातं, बी त्याच्या पोटातून फिरून शेणात येतं आणि तिथे उगवतं. मी शेण काचेच्या बशीत ओल्या टीपकागदावर ठेवते, वर काचेचं झाकण घालते आणि खिडकीशी बसून वाट बघते. याचा मला पगार मिळतो. आमच्या प्राचार्यांनी माझ्या खोलीला 'गोठा' असं नाव पाडलंय. त्यांना वाटतं मला राग येतो.

दोरीची गाठ मात्र मी लगेच ओळखली. आबांची गाठ! जनावरानं कितीही हिसका दिला तरी सुटायची नाही, आणि माणसानं दोरीची शेपटी ओढली की सुर्रकन मोकळी. खोक्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'आत्या, गाठ मी बांधली. ठकी.' बोबडं बोलणारी पोर ती, आता गाठी मारायला लागली! आणि शेपटी अगदी बरोबर उजव्या अंगाला. तुझी आयुष्यभर डाव्या अंगालाच आली. आठवतं, आबा म्हणायचे, "या डावखुऱ्यानं बांधलेल्या गायी उलट्या दिशेनं चरतील." तू रुसून माळ्यावर जाऊन बसायचास.

ती गाठ सोडवायला हात धजावला नाही. दोरी कात्रीनं कापली आणि गाठ तशीच खिळ्याला लावून ठेवली आहे.

एक सूचना. पुढच्या वेळी प्लॅस्टिकमध्ये घालू नकोस, घाम सुटून सगळं सडतं. सावलीत वाळव आणि कागदात बांध. प्रत्येक जनावराचं वेगळं.

तुझी,
थोरली


३ मे

धाकल्या,

तुझ्या गोठ्यानं कमाल केली. शहरातल्या दोन दुग्धशाळा आणि घोडेस्वारीची एक शाळा मिळूनसुद्धा जेवढ्या जाती दिल्या नाहीत, तेवढ्या तुझ्या एका खोक्यातून निघाल्या.

सगळ्यात आधी आला तोफखाना. हे नाव माझं, पुस्तकातलं वेगळं आहे. काचेसारखा नितळ, नखापेक्षा लहान देठ, त्यावर पाण्याचा फुगा आणि फुग्यावर काळी टोपी. उजेड जिकडून येतो तिकडे तोंड करतो आणि टोपी अशी उडवतो की झाकणावर टक्‌ आवाज येतो. खिडकीकडची काच काळ्या ठिपक्यांनी भरून गेली. शेणाजवळचं गवत जनावर खात नाही ना, म्हणून ही लांब फेकाफेक. तो ओसरला तशा पिवळ्या बश्या आल्या, टाचणीच्या डोक्याएवढ्या. मग काळ्या सुरया. आणि शेवटी शाईछत्र्या, सकाळी उभ्या आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत वितळून शाई.

तोफखाना आला म्हणजे जनावरं बाहेर चरताहेत, ओढ्याकाठच्या कुरणात. तू बोलत नाहीस, पण तुझं शेण फार बोलकं आहे. बरं वाटलं मला. आबांच्या वेळेसारखंच सगळं चाललंय असं वाटलं.

दुसरं खोकं कालच आलं. या वेळी वाळवून पाठवलंस, शहाणा झालास. ठकीला म्हणावं गाठ जरा सैल होती, शेपटी आत अडकली होती. घाईत बांधली असेल, खेळायला जायचं असेल.

तुझी,
थोरली


१० जून

धाकल्या,

दुसऱ्या खोक्यात तोफखाना नाही. एकही टोपी उडाली नाही. पिवळ्या बश्या गायीच्या शेणावर थोड्या आल्या, लेंड्यांवर नाहीत. शाईछत्री एकच, तीही मान टाकलेली.

याचा अर्थ मी असा लावते, चुकलं तर कळव. (कळवणार नाहीस, ठाऊक आहे.) कुरण उन्हानं करपलंय. जनावरं गोठ्यात बांधून आहेत आणि तू त्यांना गव्हाणीत धान्य घालतोस. शेणात अर्धवट पचलेल्या दाण्यांची टरफलं दिसली. धान्य कुठून आणलंस? आपल्याकडे एवढं कधीच पिकत नव्हतं. नुसती चौकशी करते आहे, लगेच कपाळाला आठ्या घालू नकोस.

तिसरं खोकंही आलंय. गाठ बघून मला हसू आलं. तीन-चार साध्या गाठी एकावर एक, आणि वरून चिकटपट्टी. ठकीबाई आबांची विद्या एवढ्यात विसरल्या? की आत्यासाठी गाठी मारायचा कंटाळा आला? तिला म्हणावं, पुढच्या खोक्याची गाठ नीट आली तर मी भिंग पाठवीन, मोठं, दांड्याचं.

तुझी,
थोरली


२ जुलै

धाकल्या,

तिसऱ्या खोक्यावर काहीच उगवलं नाही.

थोडं उगवलं, कमी उगवलं, असं नाही. काहीच नाही. गाय, शेळ्या, घोडी, तिघींच्या बश्या काचेखाली जशा ठेवल्या तशाच आहेत. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी असं शेण पाहिलेलं नाही. रस्त्यावरच्या, पेट्रोल सांडलेल्या लिदीवरसुद्धा काहीतरी येतंच.

काय झालं ते मला बरोबर कळलं आहे. मी 'वाळव' म्हटलं, आणि तुम्ही ते भट्टीत घालून भाजलंत. वास येऊ नये म्हणून. लोक काय म्हणतील म्हणून. धाकल्या, मला शेण पाहिजे होतं, बिस्किटं नाहीत! दोन महिन्यांचं काम पाण्यात गेलं. सावलीत, असं स्पष्ट लिहिलं होतं. पण थोरली काही सांगते म्हटलं की तुला उलटंच करायचं असतं.

आता निघालंच आहे तर होऊन जाऊ दे. चार वर्षांपूर्वी जनावरांचा इन्स्पेक्टर गोठ्यात आला तेव्हा त्यानं मला विचारलं, ओल कुठून येते. मी सांगितलं. त्यानं गोठा एक हंगाम बंद ठेवला. तू म्हणालास, "घरच्या माणसानं घर बुडवलं." मी घर बुडवलं नाही. भिंतीला ओल होती, मी ओल आहे म्हटलं. आज कुणी विचारलं तरी तेच म्हणेन. तू चार वर्षं तोंडाला कुलूप लावून बसलास म्हणून भिंत काही कोरडी होत नाही.

रागाच्या भरात लिहिते आहे. तरी पत्र फाडणार नाही. नवं शेण पाठव, न भाजलेलं.

थोरली


१९ जुलै

धाकल्या,

हे पत्र उभ्या उभ्या वाचू नकोस. बस आणि शेवटपर्यंत वाच.

तू भाजलंस हे तुझ्या पदरात घालायचं म्हणून मी घोड्यांच्या शाळेतली ताजी लीद आणली आणि आमच्या भट्टीत भाजली. मग काचेखाली ठेवली. मला वाटलं, काही येणार नाही आणि मी तुला ते लिहून कळवीन. पण ती अशी फोफावली की झाकण उचलावं लागलं. काही बुरश्यांचं बी पोटातल्या उबेत जागं होतं, भट्टीनं तर त्यांना आणखीच जाग आली. हे मला ठाऊक असायला हवं होतं. ठाऊक होतंच. तुझ्यावर चिडायच्या नादात डोक्यातून गेलं.

मग मी तुझ्या लेंड्या कुटून त्या चांगल्या लिदीच्या एका बाजूला पेरल्या. त्या बाजूची बुरशी करपली. दुसऱ्या बाजूची डोलत होती.

त्या शेणात विष आहे, धाकल्या. बुरशी मारणारं विष.

पुन्हा टरफलं काढून भिंगाखाली धरली. दाण्याच्या मधल्या चिरेत लाल रंग आहे. बाकी दाणा धुतलेला, चिरेतला रंग राहून गेला. बियाणं पेरायच्या आधी त्याला बुरशीनाशक लावतात, आणि कुणी चुकून खाऊ नये म्हणून लाल रंगवतात. तू बियाण्याची पोती आणली आहेस. कुठून, कशी, मला विचारायचं नाही. दुष्काळात जनावरं उपाशी बघवत नाहीत, कळतं मला. रंग धुतला की विष गेलं असं तुला वाटलं असणार. रंग जातो. विष जात नाही.

काल मी फोन केला. तू उचललास, माझा आवाज ऐकलास आणि ठेवलास. दुसऱ्यांदा तुझ्या बायकोनं उचलला. अगदी हळू बोलत होती. "ताई, हे घरातच आहेत, मला फार बोलता येणार नाही." मी विचारलं, जनावरं कशी आहेत. म्हणाली, "काळी शेळी भिंतीला धडकते हो. दिसत नसल्यासारखी." मग म्हणाली, "ठकीच्याही हातातून पेला सुटतो सारखा. हे तिला ओरडतात, नीट धर म्हणून. ती म्हणते, बोटांना मुंग्या येतात." एवढ्यात मागून तुझा आवाज आला आणि फोन बंद झाला.

हे विष नसांवर जातं. तेव्हापासून मी खिळ्याकडे बघते आहे. पहिल्या खोक्याची गाठ. दुसऱ्याची सैल गाठ. तिसऱ्याच्या त्या एकावर एक मारलेल्या गाठी. मी हसले होते. भिंग देईन म्हणाले होते.

तुला आठवत असेल, गव्हाणीत धान्य ओतताना आपण दोघंही एक मूठ तोंडात टाकायचो. आबा बघायचे आणि म्हणायचे, "दोन वासरं जास्तीची आहेत माझी." दावणीशी वाढलेलं पोर मूठभर दाणे तोंडात टाकणारच, त्याला कुणी शिकवावं लागत नाही. आणि जनावरांना दाणे कोण घालतं? दुसऱ्या खोक्याला तिच्या ओंजळीतलं भुसकट चिकटलेलं होतं.

आज, आत्ता, ती पोती बंद कर. दूध ओतून टाक, कुणालाही देऊ नकोस. ठकीला डॉक्टरकडे ने आणि त्यांना लाल बियाण्याचं सांग. नुसतं 'अशक्तपणा आहे' म्हणून औषध आणू नकोस, बियाण्याचं सांग. डॉक्टर तुला फासावर चढवत नाहीत.

मी अजून कुणाला काही बोललेले नाही.

थोरली


२८ जुलै

धाकल्या,

जीव भांड्यात पडला म्हणजे काय, ते मला आज कळलं.

तुझं खोकं मागच्या आठवड्यात आलं. शेण, लीद, लेंड्या, सगळं सावलीत वाळवलेलं, कागदात वेगवेगळं बांधलेलं. आणि वर आबांची गाठ! घट्ट, ताणलेली, शेपटी मोकळी. मी ती बघितली आणि खुर्चीवर बसून रडले. शेजारच्या खोलीतले रसायनवाले सर पाणी घेऊन आले. त्यांना वाटलं घरी कुणी गेलं. मी म्हटलं, "नाही हो, भाची गाठ बांधायला लागली." त्यांनी पाणी तिथेच ठेवलं आणि गुपचूप निघून गेले.

ही गाठसुद्धा कापूनच ठेवली. बश्या लावल्या. दोन दिवस मी घरी नीट जेवले नाही. आणि मग तोफखाना! खिडकीकडची काच काळी झाली, धाकल्या. टक्‌ टक्‌ आवाज ऐकत मी वेड्यासारखी बसले होते. त्यामागून पिवळ्या बश्याही आल्या आहेत. एकाही लेंडीत टरफल नाही, सगळं गवत. तू ऐकलंस. पहिल्यांदा माझं ऐकलंस. पोती बंद केलीस आणि जनावरं कुरणात सोडलीस.

आता एक कबूल करते, चिडायचं तर चीड. मागच्या पत्रात 'कुणाला बोलले नाही' असं लिहिलं, ते खरं नव्हतं. त्याच दुपारी मी तुझ्या लेंड्यांची एक पुडी इन्स्पेक्टरकडे दिली होती. तोच, ओलीचा. ते येणारच होते. पण काच काळी झाली तशी मी त्यांना फोन केला, म्हटलं, थांबा, माझ्या भावानं स्वतःच बंद केलंय. ते म्हणाले, "तुमची खात्री आहे?" मी म्हटलं, शेण खोटं बोलत नाही.

ठकीला भिंग पाठवते आहे. डॉक्टर काय म्हणाले ते तिच्याकडून दोन ओळी लिहवून घे. तू नको लिहूस, तुझी शपथ मोडायला नको.

तुझी,
थोरली


३१ जुलै

धाकल्या,

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. हातानं देणार आहे.

काल खोली आवरताना खिळ्यावरच्या दोऱ्या खाली काढल्या. ठकीची पहिली गाठ टेबलावर ठेवली आणि तिच्याशेजारी या वेळची. दोन्ही तितक्याच सुबक. फक्त पहिलीची शेपटी उजव्या अंगाला आहे आणि दुसरीची डाव्या.

 आबा तुझ्यासमोर उभे राहून शिकवायचे, मग तुझ्यामागे उभे राहून शिकवायचे, तरी तुझी डावीकडेच यायची. त्या घरात डावखुरा एकटा तू.

मग बाकीचंही दिसायला लागलं. करपलेलं कुरण आठवड्यात हिरवं होत नाही. विष आठवड्यात पोटातून जात नाही, थोडं तरी राहतं, बुरशी थोडी तरी अडखळते. हे शेण तुझ्या जनावरांचं नाही. ओढ्यापलीकडे कुणाची तरी चरणारी गुरं असतील, त्यांचं गोळा करून आणलंस. गाय, शेळी, घोडी, आठवणीनं तिघींचं वेगवेगळं. मला खात्री पटावी म्हणून. आणि मला पटली. बुरश्यांबद्दल मी तुला जे जे लिहिलं, ते सगळं वापरून तू मला गप्प केलंस. शेण खरंच खोटं बोललं नाही. कुणाचं आहे, एवढं मी विचारलं नाही.

इथवर मला तुझा रागच येत होता. नंतर ती गाठ मी पुन्हा हातात घेतली. शेण दुसऱ्याचं आणलंस ते जनावरं वाचवायला. पण गाठ? तिसऱ्या खोक्यासारखी चिकटपट्टी लावली असतीस तरी मी ते उघडलं असतंच. तू बसून, ताणून, तिची गाठ बांधलीस. कारण तिला बांधायला सांगून बघितलंस आणि तिला बांधता आली नाही. तिची बोटं काय करत होती ते तू समोर बसून पाहिलंस, धाकल्या. माझं पत्र वाचूनसुद्धा पाहिलंस. आणि मग दोरी स्वतःच्या हातात घेतलीस.

तुला वाटलं असेल, चार दिवसांत बरी होईल. पोती संपली की होईल. गोठा पुन्हा बंद झाला तर काय खायचं, असंही वाटलं असेल. भीती वाटली की माणूस काय काय करतो ते मला कळतं. पण ती आपोआप बरी होणार नाही. इथल्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना मी सगळं सांगितलं आहे, ते म्हणाले एक दिवसही घालवू नका. तीन दिवस मी घालवले, इन्स्पेक्टरला थांबवून.

जनावरं जातील. तुला खोटी आशा लावणार नाही. काळी शेळी, गाय, आबांची घोडी, सगळी जातील. इन्स्पेक्टर माझ्याबरोबर आहेत आणि या वेळी त्यांना मी बोलावलं आहे. घरच्या माणसानं घर बुडवलं असं पुन्हा म्हणायचं असेल तर म्हण, मी ऐकून घेईन. नंतर, दवाखान्याच्या बाकावर बसून, हवं तितकं म्हण.

हे पत्र मी दाराच्या फटीतून आत सरकवणार आहे, कारण माझा आवाज ऐकलास तर तू कडी काढणार नाहीस. तुझ्या बायकोनं वाचलं तरी चालेल. कुणीही वाचा, पण उठा.

तिला चालवत आणू नकोस, उचलून आण. गाडी दाराशी आहे आणि इंजिन सुरूच ठेवलं आहे.

थोरली